उत्तर बरोबर, तरी शून्य

२०१५ साली ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाला आणि त्यापाठोपाठ ‘तंत्रस्नेही शिक्षक’ हा शब्द जिकडेतिकडे ऐकू येऊ लागला. त्या लाटेत मीही शाळेचा ब्लॉग काढला. डी.एड.ला आम्ही संगणक वहीतच शिकलो होतो, त्यामुळे पुढचं सगळं स्वतःच. इकडून थोडं एचटीएमएल, तिकडून थोडं जावास्क्रिप्ट उचलायचं, प्रश्न बदलायचे, की झाली ऑनलाईन चाचणी तयार! केंद्रात कौतुक व्हायचं. मला वाटायचं, आपल्याला येतं.

माझी शाळा धारूर तालुक्यातली. दसरा-दिवाळीच्या सुमारास बरीच लेकरं आईबापासोबत ऊसतोडीला जातात. काही आजीजवळ राहतात, काही हंगामी वसतिगृहात. बाकीची टोळीबरोबर सांगली-कोल्हापूरकडं, नाहीतर कर्नाटकात. त्यांचा अभ्यास सुटू नये म्हणून चौथीसाठी गुणाकाराची चाचणी बनवली. वडिलांच्या फोनवर उघडायची, दहा उदाहरणं सोडवायची, रिकाम्या चौकटीत उत्तर लिहायचं. गुण आपोआप माझ्या शीटमध्ये जमा.

एका रात्री फडावरून फोन आला. “सर, पोरगी रडायलीय. समदी उत्तरं चुकली म्हणायलंय मोबाईल.”

पोरीला फोन द्यायला सांगितला. एकेक उदाहरण विचारलं. बारा सक? बहात्तर. दहाच्या दहा बरोबर. शीटमध्ये मात्र तिच्या नावापुढं शून्य.

“तू लिहितेस कसं गं?”

“तुमी शिकवलं तसं, सर.”

त्या रात्री मी माझाच कोड पहिल्यांदा ओळ न् ओळ वाचला. तोवर कधी गरजच पडली नव्हती. चालतंय ना, मग कशाला उघडायचं! ब्राउझरच्या कन्सोलमध्ये ‘७२’ हे देवनागरी अंक टाकून त्याची संख्या करायला सांगितली. उत्तर आलं, ‘नॅन’. म्हणजे ही संख्याच नाही. आपण पहिलीपासून फळ्यावर जे अंक गिरवून घेतो, ते जावास्क्रिप्टच्या लेखी अंकच नव्हते. मी चाचणी तपासली होती ती लॅपटॉपवर, इंग्रजी अंक टाकून. पोरीनं मराठी कीबोर्ड वापरला.

एका ग्रुपवर विचारलं तर सल्ला मिळाला, ‘इंग्रजी अंकच टाका’ अशी सूचना वर लिहून द्या. सोपं होतं. पण मराठी शाळेतल्या लेकराला मराठी अंक लिहू नको म्हणायचं? मन घेईना.

चार-पाच रात्री गेल्या. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला क्रमांक असतो. इंग्रजी शून्य ते नऊचे क्रमांक ४८ ते ५७, देवनागरीचे २४०६ ते २४१५. दोन्हींचा क्रम तोच, फरक प्रत्येक ठिकाणी २३५८. म्हणजे देवनागरी अंकाच्या क्रमांकातून २३५८ वजा केले की इंग्रजी अंक मिळतो. चौथीतल्या वजाबाकीचंच काम! मी लिहिलेल्या तीनच ओळी होत्या, पण कुठून उचललेल्या नव्हत्या. प्रत्येक ओळ तिथं का आहे, ते मला सांगता येत होतं.

आनंद झाला, पण फार टिकला नाही. शीटमधली जुनी शून्यं आठवली. ती मी ‘पोरांनी नुसती बटणं दाबली’ म्हणून सोडून दिली होती. त्यातल्या एकाला तर फोनवर रागावलोही होतो, “लक्ष कुठंय तुझं? नीट सोडव.” त्यानंतर त्या पोरानं चाचणी एकदाही उघडली नव्हती. त्याची सगळी उत्तरं शीटमध्ये जशीच्या तशी होती. दहापैकी नऊ बरोबर.

वडिलांच्या नंबरवर फोन लावला, तो बंद. पाडव्याच्या आसपास टोळी परत आली तेव्हाच पोरगं भेटलं. त्याला सांगितलं, “चूक माझी होती, तुझी नव्हती.” ते नुसतं बघत राहिलं. मग तीच चाचणी पुढं ठेवली.

“सर, मराठीत लिहू का इंग्रजीत?”

“तुला पाहिजे तसं.”

त्यानं बिचकत पहिला अंक मराठीत टाकला, मग काय वाटलं कुणास ठाऊक, कीबोर्ड बदलून दुसरा इंग्रजीत. असं मिसळून कुणी लिहील, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यानं बटण दाबलं तेव्हा त्याच्यापेक्षा मीच जास्त घाबरलो होतो. चौकट हिरवी झाली.