संजीवनीच्या बेटावर

दौंडाहून मनमाडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर कोपरगांव हें स्थानक लागतें. येथें उतरणारे पुष्कळ उतारू शिर्डीची वाट धरतात. गांवाकडे मुद्दाम वळणारे थोडेच. परंतु ज्यांच्या घरांत सत्तरी-ऐंशी उलटलेलीं वडील माणसें आहेत, त्यांनीं अर्धा दिवस काढून गोदावरीचा हा कांठ अवश्य पाहावा. वार्धक्याविषयीं इतका विचार करावयास लावणारें ठिकाण क्वचितच सांपडेल.

गांव अहिल्यानगर जिल्ह्याच्या उत्तर भागांत आहे. २०२४ पर्यंत या जिल्ह्यास अहमदनगर म्हणत. गोदावरीच्या कालव्यांनीं या मुलखांत ऊस आणला व उसानें सहकारी साखर कारखाने आणले. गांवांत राघोबादादांचा वाडा आहे. ज्यांच्या मोहिमेंत मराठी फौजा १७५८ सालीं अटकेपर्यंत गेल्या, ते राघोबादादा १७८२ च्या सालबाईच्या तहान्वयें नेमणूक घेऊन या बाजूस येऊन राहिले, आणि ११ डिसेंबर १७८३ रोजीं, पन्नाशी गांठण्यापूर्वींच, येथेंच वारले. वाडा, नदी, नेमणूक, नोकरचाकर, उतारवयाच्या सुखासाठीं आपण जें जें मागतों तें सारें त्यांस लाभलें होतें. सकाळीं उठून ज्यासाठीं घाई करावी असें राजकारण मात्र हातचें गेलें होतें. वाड्याच्या भिंतींकडे पाहतांना हा विचार मनांतून जात नाहीं.

गोदावरीच्या कुशींतील ज्या भागास कोपरगांव बेट म्हणतात, तेथें शुक्राचार्यांचें मंदिर आहे आणि कचेश्वराचेंहि स्थान आहे. शुक्राचार्यांचा आश्रम येथेंच होता अशी या भागाची श्रद्धा आहे. या देवळांत विवाहासाठीं मुहूर्त पाहावा लागत नाहीं, असेंहि लोक सांगतात. येथील साखर कारखान्यानें पूर्वीं 'संजीवनी' हें नांव धारण केलें होतें व एका शिक्षणसंस्थेचें तें आजहि आहे, तें याच श्रद्धेमुळें.

संजीवनीची कथा आपल्या घरांत मुलेंहि जाणतात. देवांनीं बृहस्पतिपुत्र कचास ती विद्या शिकण्यासाठीं शुक्राचार्यांकडे धाडलें. दैत्यांनीं त्यास वारंवार मारलें आणि देवयानीच्या आग्रहानें गुरूंनीं त्यास वारंवार उठविलें. शेवटीं दैत्यांनीं त्याची राख मद्यांत मिसळून गुरूंसच पाजली. आतां शिष्य बाहेर आला तर गुरु मरणार! तेव्हां शुक्राचार्यांनीं पोटांतल्या कचास ती विद्या शिकविली. कच बाहेर आला आणि त्यानें त्याच विद्येनें गुरूंस जिवंत केलें. कथेचा शेवट आपण नीट लक्षांत घेत नाहीं. शुक्राचार्यांस त्यांच्या विद्येनें वांचविलें हें खरें. परंतु ती त्यांनीं दुसऱ्यास देऊन ठेवली होती म्हणून वांचविलें.

याच शुक्राचार्यांची दुसरी कथा ययातीची. त्यांच्या शापानें ययातीस अकालीं जरा आली. ती दुसऱ्या कोणास देतां येईल इतकाच उःशाप मिळाला, तेव्हां पुरु या धाकट्या पुत्रानें बापाची जरा घेतली व आपलें तारुण्य त्यास दिलें. हजार वर्षें भोग भोगून ययाति अतृप्त तो अतृप्तच राहिला, आणि शेवटीं तारुण्य परत करून वनांत गेला.

आमच्या एकत्र कुटुंबांनीं वार्धक्याची जी व्यवस्था लाविली आहे, ती यांपैकीं कोणत्या कथेस अनुसरून? प्रामाणिकपणें पाहतां बहुधा ययातीच्या. सून आपला वेळ देते, मुलगा पैसा देतो, नातवंडें खेळ सोडून पाणी आणून देतात. तरुणांनीं द्यावयाचें आणि वडिलांनीं घ्यावयाचें. सर्वजण कर्तव्य चोख बजावतात आणि तरीहि आजोबा संध्याकाळीं खिन्नच असतात. मग घर म्हणतें, "त्यांना आम्हीं काय कमी केलें?" कमी कांहींच केलेलें नसतें. त्यांच्याकडून मागितलें मात्र कांहीं नसतें. दहा माणसांच्या घरांत कान मंद झालेला म्हातारा जेवणाच्या पंक्तींतहि एकटा असूं शकतो. आणि घर भरलेलें असल्यामुळें हें एकटेपण कोणास दिसत नाहीं.

हा केवळ मनाचा हळवेपणा नव्हे. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीच्या अंदाजाप्रमाणें भारतांत साठीपुढील शेकडा ७.४ माणसांस, म्हणजे सुमारें ८८ लाख लोकांस, स्मृतिभ्रंशाचा विकार आहे. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकानें नेमलेल्या तज्ज्ञमंडळानें २०२४ सालीं या विकाराचीं टाळतां किंवा कमी करतां येण्याजोगीं चौदा कारणें सांगितलीं. त्यांत रक्तदाब व मधुमेह आहेत, तसेंच अल्प शिक्षण, दुर्लक्षिलेलें बहिरेपण, अधू दृष्टि आणि एकाकीपणहि आहे. या साऱ्यांचा बंदोबस्त झाला तर जगांतील सुमारें शेकडा ४५ प्रकार टळूं किंवा लांबूं शकतील, असा त्यांचा अंदाज आहे. फिनलंडांत ६० ते ७७ वर्षांच्या १,२६० स्त्रीपुरुषांवर दोन वर्षें प्रयोग झाला. निम्म्यांस केवळ सामान्य सल्ला दिला. निम्म्यांस आहार, व्यायाम, बुद्धीचे पाठ व रक्तदाबादींची देखरेख असा नियमित कार्यक्रम आंखून दिला. २०१५ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हां दुसऱ्या गटाची बुद्धि अधिक तरतरीत ठरली. अर्थात् स्मृतिभ्रंश हा मेंदूचा रोग आहे. तो जडलेल्या माणसास वैद्यकीय उपचार हवेत, केवळ गप्पागोष्टींनीं तो बरा होत नाहीं. आणि ज्यास तो जडला त्यानें आळस केला असेंहि म्हणूं नये.

कोपरगांवाहून नदीच्या प्रवाहाबरोबर खालीं गेलें कीं पुणतांबें लागतें. तेथें चांगदेवांची समाधि आहे. चौदाशें वर्षें जगल्याची ज्यांची ख्याति, त्या योग्यानें अखेर गुरु केली ती मुक्ताबाई, वयानें पोर! दीर्घायुष्याचें सार्थक शिष्य होण्यांत झालें, असाच या आख्यायिकेचा अर्थ दिसतो. आणखी खालीं सरला बेट आहे. तेथील परंपरेचा अखंड हरिनाम सप्ताह या मुलखांत प्रसिद्ध आहे. सप्ताह, सायंकाळचा हरिपाठ, चातुर्मासांतलें ग्रंथवाचन यांकडे आपण केवळ भक्ति म्हणून पाहतों. पण ठरल्या वेळीं घराबाहेर पडणें, बरोबरीच्यांस भेटणें, पाठ म्हणणें, टाळ धरून ताल सांभाळणें, यांत शरीर, स्मरण व संगति या तिन्हींस काम मिळतें. आजचे तज्ज्ञ जो कार्यक्रम आंखतात, त्याचीं बरीचशीं अंगें गोदाकांठीं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलीं आहेत.

नव्या काळास साजेसे प्रयत्नहि महाराष्ट्रांत झालेले आहेत. ज्येष्ठ नागरिक संघांचा 'फेस्कॉम' हा महासंघ १९८० पासूनचा. ठाणें जिल्ह्यांत मुरबाड तालुक्यांतील फांगणें या खेड्यांत ८ मार्च २०१६ रोजीं 'आजीबाईंची शाळा' निघाली. गांवच्या शाळेंतील शिक्षक योगेंद्र बांगर यांची ही कल्पना. मोतीराम दलाल धर्मादाय संस्थेनें तीस साहाय्य केलें. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या आजीबाई गुलाबी लुगडीं नेसून, पाठीवर दप्तर घेऊन दुपारीं शाळेस आल्या. धर्मग्रंथ स्वतः वाचतां यावेत ही त्यांची हौस. अंगठ्याच्या जागीं आपली सही करणाऱ्या त्या आजीबाईंचे चेहरे ज्यांनीं चित्रांतून पाहिले असतील, त्यांस अधिक सांगणें नको.

आपल्या घरीं यांतलें काय करतां येईल? पहिली गोष्ट, वडिलांचे कान व डोळे तपासून घ्यावेत. ऐकूं येण्याचें यंत्र म्हणजे म्हातारपणाची लाज नव्हे. दुसरी, आठवड्यांतून दोनतीन दिवस, ठरल्या वेळीं, चारपांच घरचीं वडील माणसें एका ओटीवर जमावींत, आणि तेथें औषधांची चर्चा न होतां कांहीं वाचन, पाठांतर, बुद्धिबळाचा डाव किंवा नवी भाषा चालावी. तिसरी, आणि महत्त्वाची: घरांतल्या प्रत्येक वृद्धाकडे शिकण्यास कोणीतरी यावें. आजीचें लोणचें, आजोबांचें मोडी वाचन, जमाखर्च, गणित, आर्या, जें ज्याचें असेल तें. नातवंडानें त्याच्या बदल्यांत त्यांस भ्रमणध्वनीवर पत्र पाठविणें शिकवावें. यासाठीं खर्च कांहींच नाहीं. तरुणांनीं थोडें मागावयास शिकलें पाहिजे, आणि वडिलांनीं 'आतां या वयांत काय' हें पालुपद सोडलें पाहिजे.

बेटावरील देवळांत शुक्राचार्यांपुढें हात जोडणारा यात्रेकरू बहुधा आयुष्य मागतो. घरीं परतल्यावर त्यानें आपल्या वडिलांपाशीं बसून एखादी विद्या मागावी. संजीवनीचा खरा प्रयोग तेथें सुरू होतो.