लोखंडाच्या मापाचं लाकूड

अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात ग्रेट बेसिन राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे नोव्हेंबर २०१४ मध्ये पुरातत्त्वाचं काम करणाऱ्यांना जुनिपरच्या झाडाला टेकवून ठेवलेली एक रायफल दिसली. विंचेस्टर कंपनीचं १८७३चं मॉडेल, कारखान्यातून १८८२ मध्ये निघालेलं. लोखंड गंजलं होतं. दस्ता उन्हापावसाने राखाडी पडून उभा चिरत गेला होता आणि त्याचा तळ मातीत रुतला होता. ती कोणी ठेवली, ठेवणारा परत का आला नाही, कुणालाच ठाऊक नाही.

दस्ता हा बंदुकीचा सर्वांत हळवा अवयव. लोखंड गंजतं, पण लाकूड सुकतं, फुगतं, तेल पितं, तडकतं. म्हणूनच अशा जुन्या लिव्हर-ॲक्शन, म्हणजे लिव्हर ओढून काडतूस चढवायच्या रायफलींना कधी ना कधी नवा दस्ता लागतो.

जॉन ब्राउनिंगने आखलेलं विंचेस्टरचं १८९४चं मॉडेल घ्या. अशा सत्तर लाखांहून अधिक रायफली बनल्या; न्यू हेवनच्या कारखान्यातलं उत्पादन २००६ मध्ये थांबलं. या रायफलीच्या यंत्रपेटीतून मागे दोन लोखंडी पट्ट्या निघतात, एक वर, एक खाली. दस्त्याची निमुळती मान या दोन पट्ट्यांच्या मधे बसते आणि एक लांब स्क्रू तिन्हींना आरपार आवळतो. सगळी ताकद त्या मानेत, आणि सगळा धोकाही तिथेच. वर्षानुवर्षं रायफल उभी ठेवली की यंत्रातलं तेल झिरपत खाली येतं, तोंडाकडचं लाकूड काळं, भुसभुशीत होतं. मग एखाद्या बाराच्या धक्क्याने मान उभी फाटते.

बदली दस्ता बहुधा काळ्या अक्रोडाचा असतो आणि मुद्दाम थोडा जाड ठेवलेला येतो. एकाच मॉडेलच्या दोन रायफलींतही केसभर फरक असतो, त्यामुळे शेवटचं माप हातानेच काढावं लागतं. इथे घाईचा माणूस पट्टीला कानस लावतो. ते चूक आहे. लोखंड आहे तसं राहू द्यायचं, तासायचं ते लाकूडच.

रायफल रिकामी असल्याची खात्री करून कारागीर ती खोलतो. मग दिव्याच्या काजळीत जरासं तेल कालवून पट्ट्यांवर पातळ हात फिरवतो. दस्ता सरळ आत सरकवायचा, पुन्हा ओढून काढायचा. जिथे लाकूड लोखंडाला भिडलं, तिथे काळा ठिपका उमटतो. धारदार पटाशीने तेवढाच ठिपका खरवडायचा, कागदासारखा पातळ ढलपा काढायचा. पुन्हा काजळी, पुन्हा ढलपा. हे पन्नास वेळा होईल, कदाचित शंभर. सुरुवातीला ठिपके दोन-चार आणि मोठे असतात. काम जमत आलं की लहान लहान होऊन ते सबंध पृष्ठभागावर पसरतात. ते पाहणं हे या कामातलं खरं सुख.

एका जागी मात्र घट्टपणा नको. वरच्या पट्टीच्या मागच्या टोकाशी एक-दोन पोस्टकार्डांच्या जाडीची फट सोडावी लागते. बार उडाला की यंत्रपेटी मागे रेटते. तो रेटा दस्त्याच्या रुंद तोंडाने झेलायला हवा. पट्टीचं टोक आधी टेकलं, तर ते पाचरीसारखं लाकडात घुसतं आणि मान दुभंगते. बाहेरून देखणा बसलेला दस्ता पहिल्याच दिवशी चिरतो, तो बहुतेक यामुळेच.

बाहेरचं जास्तीचं लाकूड मग उतरवायचं, धातूच्या किंचित वर राहील इतकं. ओल्या फडक्याने पुसलं की दबलेले तंतू उभे राहतात. ते वाळल्यावर पॉलिशपेपर फिरवायचा. शेवटी बेलतेल, म्हणजे उकळलेलं जवसाचं तेल, थेंब थेंब, तळव्याने चोळून, प्रत्येक हात पुरता वाळू देऊन. आतल्या कापांनाही तेल पाजायचं. तिथले तंतू उघडे असतात, ओल आधी तिथूनच शिरते.

नेवाडाच्या रायफलीला नवा दस्ता बसवणं कुठल्याही चांगल्या कारागिराला जमलं असतं. वायोमिंगमधल्या कोडी गावच्या संग्रहालयात ती नेली, पण तिथल्या लोकांनी लाकूड बदललं नाही. सुटू पाहणारे पापुद्रे फक्त जागच्या जागी पक्के केले. काम करणाऱ्या रायफलीला नवं लाकूड द्यावं, आणि जिची कहाणीच लाकडात आहे, तिला हात लावू नये. त्या मंडळींनी योग्य तेच केलं. तपासणीत दस्त्याच्या पोकळीत एक काडतूस निघालं, १८८७ ते १९११ या काळात बनलेलं, न उडवलेलं.