दोन बाळांचा हिशेब

वर्षानुवर्षे अपत्याची वाट पाहणाऱ्या घराला टेस्ट ट्यूब बेबीचा उपचार हा अखेरचा आधार वाटतो. उपचार महाग, मनस्ताप त्याहून मोठा. म्हणून भ्रूण गर्भाशयात ठेवण्याची वेळ आली की व्यापारी मन सहज बोलून जाते, 'दोन ठेवा. एका खर्चात दोन बाळे होतील.' यात लोभ नसतो, पुन्हा रिकाम्या हाताने परतण्याची भीती असते. तरीही या हिशेबात एक रक्कम मांडायची राहून जाते.

ती रक्कम दिवसांची आहे. एकट्या बाळाला आईच्या उदरात साधारण 40 आठवडे मिळतात. 37 आठवड्यांपूर्वीचा जन्म अपुऱ्या दिवसांचा मानला जातो. जुळ्यांपैकी निम्म्याहून अधिक बाळे त्याआधीच जन्मतात. गर्भाशय लवकर ताणले जाते, मातेचा रक्तदाब वाढण्याचा धोकाही अधिक असतो. फार लवकर आलेल्या बाळाची फुप्फुसे कच्ची असतात, अंगात ऊब टिकत नाही, दूध ओढण्याचे बळ नसते.

धान्याच्या पेढीवर क्विंटलांनी तोलणारा एक तरुण पिता एकतिसाव्या आठवड्यात आलेल्या आपल्या जुळ्यांचे वजन महिनाभर ग्रॅममध्ये मोजत होता. काचेच्या पेटीबाहेर आजी नवकार मंत्र जपत होती. बाळे सुखरूप घरी आली. प्रत्येक घराला ते भाग्य लाभतेच असे नाही.

स्कँडिनेव्हियातील एका अभ्यासाचे निष्कर्ष 2004 साली प्रसिद्ध झाले. त्यात 36 वर्षांखालील 661 स्त्रिया होत्या. एका गटात एकदम दोन भ्रूण ठेवले. दुसऱ्यात आधी एक, आणि यश न आल्यास गोठवून ठेवलेला आणखी एक. अपत्यप्राप्तीचे प्रमाण पहिल्या गटात शेकडा सुमारे 43, दुसऱ्यात 39 होते. जुळ्यांचे प्रमाण मात्र शेकडा 33 वरून एकाच्याही खाली आले. वय अधिक असल्यास डॉक्टरांचा सल्ला वेगळा असू शकतो. पण 'एका वेळी एक' हा मार्ग तोट्याचा नाही, एवढे यातून दिसते.

जैन कुटुंबापुढे आणखी एक प्रश्न असतो. अनेक भ्रूण ठेवल्याने तीन गर्भ रुजले, तर एक थांबवण्याचा सल्ला मिळू शकतो. अहिंसेला परम धर्म मानणाऱ्या मनाला तो असह्य होतो. म्हणून किती भ्रूण तयार करावेत, किती ठेवावेत आणि उरलेल्यांचे काय, हे उपचारापूर्वीच पतिपत्नींनी डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलून ठरवावे. तो निर्णय त्या दोघांचा असावा, घरातील वडीलधाऱ्यांच्या हौसेचा नसावा.

ज्यांच्या घरी जुळी येणारच आहेत, त्यांनी भयभीत होऊ नये, सावध असावे. पोट वारंवार घट्ट होणे, कंबर सतत दुखणे, पाणी वा रक्त जाणे, यांपैकी काहीही दिसताच रुग्णालय गाठावे. वेळेत पोहोचल्यास बाळांची फुप्फुसे पक्व होण्यासाठी मातेला इंजेक्शन देता येते. सातव्या महिन्यात डोहाळजेवण करून सुनेला माहेरी धाडण्याची रीत गोड आहे. परंतु माहेरच्या गावाजवळ नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग नसेल, तर या वेळी आईनेच लेकीकडे येऊन राहावे.