नाव कोणाचे?

वकिलीच्या धंद्यात नावावरून चाललेले तंटे मी पुष्कळ पाहिले आहेत. काही वर्षांपूर्वी एका जुन्या संस्थेच्या दोन गटांत असाच दावा लागला होता. इमारत पडकी होती, शिलकीत पैसा नव्हता. दोघांनाही हवी होती ती केवळ दारावरची पाटी. त्या वेळी मला त्या वादाचे हसू आले होते. पुढे इटलीतल्या वेर्चेल्ली या गावच्या फुटबॉल क्लबाचा इतिहास वाचनात आला, आणि ते हसू मावळले.

वेर्चेल्ली हे तुरिन आणि मिलान या दोन मातब्बर शहरांच्या मधले गाव. भोवताली पाण्याने भरलेली भातखाचरे. इटलीतल्या भाताची ही मोठी पेठ. वस्ती आजही पन्नास हजारांच्या आतच आहे. येथे १८९२ साली व्यायामप्रेमी मंडळींनी ‘प्रो वेर्चेल्ली’ ही संस्था काढली. मार्चेल्लो बेर्तिनेत्ती हा तरुण तलवारबाज, ज्याने पुढे ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदके मिळवली, त्याने १९०३ साली तिच्यात फुटबॉल आणला. अवघ्या पाच वर्षांत, १९०८ साली, हे गाव इटलीचे अजिंक्यपद घेऊन बसले. १९२२ पर्यंत असे सात वेळा घडले. १९१३ च्या मे महिन्यात बेल्जमविरुद्ध इटलीचा जो राष्ट्रीय संघ उतरला, त्यातल्या अकरांपैकी नऊ जण या एकाच क्लबाचे होते.

परंतु माझे मन रेंगाळते ते हरलेल्या एका सामन्यापाशी. १९१० साली प्रो वेर्चेल्ली आणि मिलानचा इंटर यांचे गुण समान झाले, आणि निर्णायक सामना वेर्चेल्लीत ठरला. त्याच दिवसांत क्लबाचे काही खेळाडू लष्करी संघांच्या स्पर्धेत गुंतले होते. तारीख पुढे ढकलण्याची विनंती मान्य झाली नाही. तेव्हा वेर्चेल्लीकरांनी मैदानावर धाडली ती कोवळी पोरे! इंटरने दहा गोल केले. पोरांनीही तीन केले.

वकील म्हणून पाहिले तर ही युक्ती मोठी मासलेवाईक आहे. संघ हजर राहिला, म्हणजे नियमाचे अक्षर पाळले गेले. आणि तो नियम किती आंधळा आहे हे चारचौघांत दाखवूनही झाले. पण मला राहून राहून त्या पोरांची आठवण येते. वडीलधाऱ्यांच्या मानापमानाचे ओझे त्यांच्या खांद्यावर ठेवताना त्यांना कोणी विचारले असेल काय? आपणही घरच्या वादात मुलांना असेच पुढे करतो.

नंतर पैशाचे युग आले. १९२३ साली वेर्चेल्लीचाच सुपुत्र विर्जिनियो रोसेत्ता युव्हेंटसकडे गेला; त्यावरून महासंघात रण माजले, पण जाणारा गेलाच. १९३४ साली सिल्व्हियो पियोला रोमच्या लात्सियोकडे गेला. इटलीच्या पहिल्या श्रेणीतील सर्वाधिक, २७४ गोलांचा मानकरी तो हाच. पुढच्याच वर्षी क्लब पहिल्या श्रेणीतून उतरला, तो पुन्हा तेथे चढला नाही. गावाने मात्र आपल्या मैदानाला पियोलाचेच नाव दिले आहे.

२०१० साली जुनी संस्था कर्जात बुडाली. कायद्याच्या भाषेत तो मृत्यूच. पण त्याच गावात प्रो बेल्वेदेरे नावाचा दुसरा क्लब होता. त्याने आपले नाव टाकून ‘प्रो वेर्चेल्ली’ हे नाव धारण केले, आणि दोनच वर्षांनी, २०१२ साली, चौसष्ट वर्षांनंतर ते नाव दुसऱ्या श्रेणीत पुन्हा दिसले.

आता ती सात अजिंक्यपदे कोणाची? कायद्याने पाहू जाता नवी संस्था निराळी, जुनी निराळी. मात्र आपल्याकडे न्यायालये देवालाही व्यक्ती मानतात. पुजारी बदलले, विश्वस्त बदलले, तरी देव तोच राहतो. वेर्चेल्लीच्या लोकांनी आपल्या क्लबाच्या बाबतीत असाच निवाडा केला असावा, आणि तोही कोर्टाची पायरी न चढता.

त्या दाव्याचा निकाल माझ्या अशिलाच्या बाजूने लागला. पाटी त्याच्याकडे आली. पण तिच्याखाली पुन्हा चार माणसे जमवण्याचे कोणाच्याच मनात आले नाही. मला आता हसू येत नाही, ते याचमुळे.