भावडबारीचा चढ आणि मागून बसलेली गाडी

देवळ्याहून दक्षिणेकडे निघालेला विंचूर-प्रकाशा रस्ता भावडबारीच्या घाटाने सातमाळ्याची रांग ओलांडतो. बारीच्या अलीकडचे पाणी गिरणेला मिळते, पलीकडचे गोदावरीला. पश्चिमेला धोडप किल्ल्याचा खाच पडलेला डोंगर दिसतो. उन्हाळ कांदा निघाला की कसमादे भागातील ट्रॅक्टर आणि पिकअप गाड्या या बारीतून बाजाराकडे निघतात. पुढे सोग्रस फाट्यावर उजवीकडे वळले की पिंपळगाव बसवंत. डावीकडे चांदवडवरून लासलगाव. लासलगावची बाजार समिती १९४७ सालची. या बाजारांत कांदा बहुधा गोणीत न भरता मोकळाच आणतात आणि व्यापारी ट्रॉलीपाशी येऊन बोली लावतात.

बोली लागण्याआधी मात्र बारी चढायची आणि उतरायची असते. चढावर थोडा वेळ उभे राहून गाड्या पाहाव्यात. एखादी पिकअप मागून इतकी बसलेली असते की तिचे दिवे समोरच्याच्या डोळ्यांत जातात. एखाद्या ट्रॅक्टरची पुढची चाके रस्त्याला जेमतेम टेकलेली असतात. चालक स्टिअरिंग वळवतो, पण ट्रॅक्टर सरळच जाऊ पाहतो. वळणावर असे झाले तर कांदा जातो आणि माणूसही जातो.

आपल्या वडीलधाऱ्यांना हे गणित ठाऊक होते. बैलगाडीत माल मागे जास्त झाला की गाडी उलाळ होई, जू वर उचलले जाई आणि बैलांच्या गळ्याला फास बसे. माल पुढे जास्त झाला की सारा भार बैलांच्या मानेवर येई. म्हणून गाडी भरताना जू हाताने उचलून अंदाज घेत. ट्रॅक्टरला मान नाही, तो तक्रार करीत नाही; एवढाच फरक.

दोन चाकी ट्रॉलीचा काही भार हुकावर येतोच. तो बेताचा हवा. परदेशात मोटारीमागे लहान फिरते घर जोडून सहलीला जातात. तेथेही ओढायच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा किंवा थोडा अधिक हुकावर ठेवतात. आपल्या ट्रॅक्टरच्या हुकाला किती भार चालतो, हे कंपनीच्या पुस्तकात पाहावे. भार जास्त झाला तर ट्रॅक्टर मागून दबतो आणि पुढून हलका होतो. उलट, माल फाळक्याकडे साचला तर ट्रॉली हूक वर उचलते. मग मागच्या चाकांची पकड कमी होते. बहुतेक ट्रॅक्टरांचे ब्रेक मागच्याच चाकांवर असतात, त्यामुळे उतारावर हा प्रकार जीवघेणा ठरतो.

म्हणून कांद्याचा ढीग चाकांच्या आसावर आणि किंचित पुढे ठेवावा. मोकळा कांदा चढावर मागे सरकतो, तेव्हा अर्धी ट्रॉली भरायची असेल तर मध्ये फळी बांधावी. पुढच्या चाकांवर ट्रॅक्टरच्या वजनाचा पाचवा हिस्सा तरी राहिला पाहिजे. कमी पडल्यास पुढे कंपनीची वजने लावावीत. ट्रॉली ठरलेल्या हुकालाच जोडावी. साखळी वर बांधून कधीही ओढू नये, त्याने ट्रॅक्टर मागे उलटतो.

पिकअपसाठी सोपी चाचणी आहे. रिकामी गाडी सपाट जागी उभी करून चारही चाकांजवळ जमिनीपासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची मोजून ठेवावी. भरल्यावर पुन्हा मोजावी. मागची उंची उतरणारच. पण पुढची वाढली असेल तर माल मागे गेला आहे, तो पुढे घ्यावा. टायरमध्ये भाराप्रमाणे हवा असावी.

अनेकजण कमान पाट्यात आणखी एक पाटा घालून घेतात. गाडी वर उचललेली दिसते, पण ब्रेक, आस आणि टायर तेच राहतात. पाटा वाढवल्याने वाहून न्यायची मर्यादा वाढत नाही. शंका असेल तर भुईकाट्यावर आधी पुढची चाके आणि मग मागची चाके वेगळी तोलून घ्यावीत.

बारी उतरताना चढाचाच गिअर ठेवावा, दोन्ही ब्रेक पॅडल जोडलेले असावेत. ट्रॉलीच्या दांड्यावर किंवा ढिगावर बायकामुलांना बसवू नये. त्यांना बसने बाजाराला पाठवावे.