ऐकू येते, पण कळत नाही

आमच्या घरी खिडकीजवळच्या टेबलावर एक काळा डबा आहे. आकार जेवणाच्या चपट्या डब्याएवढा. समोर एक फिरते बटण, एक छोटा पडदा आणि हेडफोनची पिन घालायला दोन भोके. पाहुणा आला की पहिला प्रश्न ठरलेला, "हे काय, टीव्हीचा स्टॅबिलायझर का?" सुरुवातीला आम्ही सगळे समजावून सांगत असू. आता नुसते "हो" म्हणतो. पण या डब्याने आमच्या घरात आधी भांडण लावले आणि पुढे एक हरवलेली गोष्ट परत आणून दिली. म्हणून वाचक बंधू-भगिनींना त्याची हकीकत सांगावीशी वाटते.

या यंत्राचे नाव हेडफोन ॲम्प्लिफायर आणि डॅक. आम्ही कॉमर्सचे, त्यामुळे आम्हाला ते हिशेबाच्या भाषेतच कळले. मोबाईलमध्ये किंवा सीडीवर गाणे नसते, गाण्याचे आकडे असतात. सीडीवर प्रत्येक सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाचे माप घेऊन लिहिलेले असते आणि प्रत्येक मापाला ६५,५३६ पायऱ्या असतात. म्हणजे ती एक भली मोठी रोजकीर्दच. पण रोजकीर्द वाचून पोट भरत नाही, नोंदीचा पैसा हातात यावा लागतो. आकड्यांची पुन्हा विजेची लहर करून देतो तो डॅक. ती लहर हेडफोनला पेलेल इतकी जोरकस करतो तो ॲम्प्लिफायर. साधे हेडफोन ३२ ओहमच्या आसपास असतात. स्टुडिओत वापरतात त्यांपैकी काही २५० किंवा ३०० ओहमचे असतात. ते मोबाईलवर लावले तर आवाज पिचका येतो, जसे वरच्या मजल्यावर मोटारीशिवाय पाणी चढत नाही.

असली यंत्रे पुष्कळ निघाली आहेत. जर्मनीच्या आरएमई कंपनीचे एडीआय-२ डॅक यात फार नावाजलेले, पण कारकुनाने त्याची किंमतही विचारू नये. फिओ, टॉपिंग या चिनी कंपन्यांची त्या मानाने स्वस्त. आमचे यंत्र त्याच जातीतले, तेही वापरलेले. पुण्याला संगणकाच्या नोकरीत असलेला एका मित्राचा मुलगा परदेशी निघाला. त्याने यंत्र आणि २५० ओहमचा हेडफोन मिळून अठरा हजारांत दिला.

अठरा हजार! घरात त्या वर्षी घरघंटी घ्यायची ठरली होती. मंडळींनी तीन भिशा भरून पैसे साठवले होते, त्यात आमचा बोनस मिळवायचा होता. आम्ही बोनस परस्पर पुण्यात देऊन आलो. मंडळी एवढेच म्हणाल्या, "अहो, पीठ कानात दळणार का आता?" पुढे आठ दिवस घरात फारसे बोलणे झाले नाही.

पहिला महिना आम्ही त्या डब्याच्या नादी लागलो, हे कबूल करतो. त्यात सोयी तरी किती! लॅपटॉपची वायर लागते, टीव्हीची लागते, मोबाईल वायरीशिवाय जोडता येतो. डाव्या-उजव्या कानाचा आवाज कमीजास्त करता येतो. आवाजाचे दहा पट्टे पाडून हवा तो पट्टा चढवता-उतरवता येतो. ठराविक मर्यादेच्या वर आवाज जाऊच नये अशी खूणगाठही मारता येते. रात्री जेवण झाले की आम्ही हेडफोन घालून बसायचो. प्रल्हाद शिंदे यांचा तो भरदार गळा, ज्यांच्या घराण्याचे नाते आपल्या मंगळवेढ्याशी आहे, तो आम्ही लहानपणापासून कर्ण्यावर ऐकला होता. पण ते कुठे श्वास घेतात, हे आम्हाला चाळिशी उलटल्यावर पहिल्यांदा ऐकू आले. मागे ढोलकीवर बोट घासल्याचा आवाजही कळू लागला. आनंद झाला, खोटे कशाला बोला.

आणि त्याच आनंदात एक चूक झाली. वस्तीतल्या एका भगिनीच्या मुलाला रात्री साडेदहाला दवाखान्यात न्यायचे होते. आमच्याकडे दोन-तीन रिक्षावाल्यांचे नंबर असतात, दवाखान्यातले कागद कसे करायचे ते माहीत असते, म्हणून लोक रात्री-अपरात्री येतात. ती भगिनी दार वाजवत राहिली. मंडळी मुलीला घेऊन माहेरी गेल्या होत्या. आप्पांना, म्हणजे आमच्या वडिलांना, ऐकू येत नाही. आणि आम्ही, ज्यांचे कान शाबूत, ते कानाला झाकण लावून बसलेले. शेवटी शेजाऱ्यांनी रिक्षा आणली. मूल वाचले, ठीक झाले. पण दुसऱ्या दिवशी ती भगिनी म्हणाली, "भाऊ, तुमच्या खोलीत उजेड होता." ती रागावली असती तर बरे झाले असते. वीस वर्षे सार्वजनिक काम केले असे आम्ही सांगत होतो, आणि दोन इंच गादीच्या हेडफोनने आमचे दार बंद करून टाकले होते.

त्या दिवसापासून आम्ही डबा बंद करून त्यावर कापड टाकले. महिनाभर हात लावला नाही. मंडळींनीही विषय काढला नाही.

आता आप्पांविषयी सांगतो. आप्पांचे वय ७६. आधी मिलमध्ये, ती बंद पडल्यावर अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागावर, असे जवळजवळ चाळीस वर्षे त्यांनी मागांच्या आवाजात काढली. सोलापुरी चादरीचे आणि टॉवेलचे नाव जगात झाले. पण धोटा इकडून तिकडे आदळताना शेजारच्या माणसाशी ओठांच्या खुणांनी बोलावे लागते, हे मागावर बसलेल्या घरांनाच ठाऊक. कारखान्यांच्या नियमांत आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबलची मर्यादा सांगितलेली आहे. मागांची शेड ती सहज ओलांडते. कानात कापसाचा बोळा, एवढेच त्या काळचे संरक्षण.

आप्पांचे म्हणणे नेहमी एकच, "आवाज येतोय बे, पण बोलतोय काय तेच कळंना." आम्हाला वाटायचे, म्हातारपण आहे. आम्ही मोठ्याने बोलायचो, ते चिडायचे, "वरडतोस कशाला?" पुढे आम्ही त्यांना इथल्या सर्वोपचार रुग्णालयात कानाच्या तपासणीला नेले. तिथे डॉक्टरांनी आलेख दाखवला. खालचे, जाड आवाज त्यांना बऱ्यापैकी ऐकू येतात. बारीक, वरच्या पट्टीच्या आवाजांपाशी रेघ एकदम खाली कोसळलेली, ४,००० हर्ट्झपाशी सर्वांत खोल. गोंगाटाने कान जातो तेव्हा पहिला घाव बहुधा तिथेच बसतो. कानाच्या आतल्या बारीक केसांसारख्या पेशी मरतात आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. बोलण्यातले 'अ', 'आ', 'ओ' हे स्वर खालच्या पट्ट्यांत असतात. 'स', 'श', 'फ', 'थ' यांना वेगळेपण देणारे आवाज वरच्या पट्ट्यांत. म्हणून आप्पांना आवाज येत होता, शब्द येत नव्हता. मोठ्याने बोलून नुसता स्वर वाढतो, शब्द उजळत नाही. इतकी वर्षे आम्ही त्यांच्यावर उगाच ओरडत होतो.

घरी परत येताना आम्हाला कापडाखालचा डबा आठवला. त्यात आवाजाचे पट्टे आहेत. मग नको तिथला कमी करून हवा तिथला का वाढवू नये?

आमच्याकडे एक जुनी कॅसेट आहे. १९९१ साली बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीला बुधवार पेठेत गायनाचा कार्यक्रम झाला होता. आमचे थोरले काका त्या पार्टीत गायचे. आम्ही तेव्हा सातवीत. मंडपात मागून आणलेला टेपरेकॉर्डर मांडीवर धरून बटण दाबायचे काम आमच्याकडे होते. काका जाऊन आता सत्तावीस वर्षे झाली. त्यांच्या आवाजाची घरात हीच एक खूण. आप्पा कधी कधी ती कॅसेट नुसती हातात घेऊन बसत.

मुलीने ती कॅसेट संगणकात उतरवून घेतली. मग रविवारी दुपारी आम्ही बसलो. आप्पांच्या आलेखाचा कागद समोर ठेवला. कर्ण्याची घरघर खालच्या पट्ट्यांत होती, ती उतरवली. दोन ते चार हजारांचा पट्टा थोडा थोडा चढवला. डावा कान अधिक गेलेला, म्हणून तोल किंचित डावीकडे नेला. यात एक पथ्य आहे. एक पट्टा जितका चढवाल तितका एकूण आवाज उतरवावा लागतो, नाहीतर आवाज फाटतो. जमा-नावे जुळलेच पाहिजे. शिवाय वरची मर्यादा आधी बांधून घेतली, कारण उरलेला कान घालवायचा नव्हता.

पट्टा चढवला तशी कॅसेटची खरखरही चढली. आम्ही हेडफोन लावून पाहिला तर कानात वाळू ओतल्यासारखे झाले. हे काही जमणार नाही असे वाटले. तरी आप्पांच्या कानाला लावला. ते ऐकत राहिले. चेहऱ्यावर काही नाही. मुलीने कागदावर लिहून विचारले, "खरखर येते का?" ते म्हणाले, "कसली खरखर?" त्यांच्या कानाला ती जवळपास पोचतच नव्हती. आम्हाला खरखर आणि त्यांना शब्द, असा तो हिशेब झाला.

काकांचे गाणे सुरू होते. आप्पा ओठांनी म्हणू लागले. मध्येच गाणे थांबवून काका बक्षिसांची नावे पुकारतात, जशी आपल्याकडे रीत आहे. अमक्यांकडून अकरा रुपये, तमक्यांकडून पाच रुपये, पार्टी आभारी आहे. आप्पांनी एकदम हात वर केला. "थांबव. मागं घे." आम्ही मागे घेतले. त्यांनी पुन्हा ऐकले. पुन्हा मागे घ्यायला लावले. मग म्हणाले, "का बे, आई आली होती व्हय तिथं?"

आम्ही हेडफोन घेऊन ऐकले. खरखरीच्या आतून काकांचा आवाज आमच्या आजीचे नाव घेत होता. तिच्याकडून दोन रुपये.

आजी विड्या वळायची. हजार विड्या पुऱ्या झाल्या की मजुरीचा हिशेब. त्या रात्री आप्पांची रात्रपाळी होती, ते कार्यक्रमाला नव्हतेच. आजीने घरी कधी सांगितले नाही. आणि आम्ही, ज्यांनी मांडीवर टेप धरला होता, आम्ही ती कॅसेट पन्नास वेळा वाजवली असेल, पण बक्षिसांची नावे आली की पुढे पळवायचो. कान शाबूत असलेल्याने जे ऐकले नाही, ते कान गेलेल्याने ऐकले.

आप्पा बराच वेळ बोलले नाहीत. मग मंडळींना म्हणाले, "दोन रुपये म्हणजे दोन दिवसांची भाजी होती." मंडळी आत गेल्या आणि चहा घेऊन आल्या. येताना टेबलावरचे कापड घडी करून कपाटात ठेवून दिले. आम्हाला उत्तर मिळाले.

आता थोडे व्यवहाराचे. हे वाचून कोणी अठरा हजार खर्च करू नयेत. जे आमच्या डब्याने केले त्यातले पुष्कळसे फुकटही होते. विंडोजच्या संगणकावर इक्वलायझर एपीओ नावाचा प्रोग्रॅम फुकट मिळतो. अँड्रॉइड मोबाईलसाठी गुगलचे साउंड ॲम्प्लिफायर हे ॲप कमी ऐकू येणाऱ्यांसाठीच केलेले आहे. मात्र यांतले काहीही श्रवणयंत्राची जागा घेत नाही. आधी तपासणी करा. दारिद्र्यरेषेखालच्या ज्येष्ठांसाठी केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ पासून आहे, तिच्यात श्रवणयंत्राचा समावेश आहे. आप्पांचे श्रवणयंत्र कपाटात पडून होते, तेही आम्ही आलेखाप्रमाणे पुन्हा जुळवून घेतले. आता ते बोलण्यासाठी श्रवणयंत्र लावतात आणि गाण्यासाठी डबा.

तरुण मुलांनाही सांगणे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित. आवाज वाढला की वेळ झपाट्याने कमी होतो. आप्पांचे कान पोटासाठी गेले. आपले हौसेसाठी घालवू नयेत.

यंत्राची हद्दही ओळखावी. बाबासाहेबांनी १९५५ साली बीबीसीला दिलेली मुलाखत आम्ही या डब्यावर मुलीबरोबर ऐकली. जुने ध्वनिमुद्रण, आवाज दबलेला. जे तेव्हा टेपवर उतरलेच नाही ते कोणताही डॅक आणू शकत नाही. म्हणून घरोघरी ज्या कॅसेटी पडून आहेत, गायन पार्ट्यांच्या, लग्नातल्या भाषणांच्या, त्यांना बुरशी लागण्याआधी त्या उतरवून घ्याव्यात. आणि नावे पुकारली जातात तिथे पुढे पळवू नये.

आमचा नियम आता असा. हेडफोन एक तास, आणि घरात दार ऐकणारे कोणीतरी असेल तेव्हाच. पुढच्या बोनसमध्ये घरघंटी आली. ती चालू असली की आप्पा हसून कानाकडे बोट दाखवतात आणि डबा बंद करायला सांगतात.