आत कोण आहे?

रात्रीचे साडेअकरा. मशीनचा चहा तिसऱ्यांदा गार झालेला. स्क्रीनवर एकच ओळ : 'अंडरफ्लो, यूज आफ्टर फ्री'. शेजारी आमचा ज्युनिअर, तोंड पाडून. सकाळीच मी त्याला अख्ख्या टीमसमोर झापलं होतं, 'माझ्या ड्रायव्हरमध्ये न विचारता हात घालतोस कशाला?'

आमचं काम लिनक्स कर्नलमधल्या ड्रायव्हर्सचं. तिथे प्रत्येक डिव्हाइसची एक मोजणी असते. तुमच्या ऑफिसची मीटिंग रूम आठवा. आत जाताना आकडा एकने वाढवायचा, निघताना एकने कमी करायचा. शून्य झाला की लाइट-एसी बंद. कर्नलमध्ये वाढवतो तो 'गेट', कमी करतो तो 'पुट'. निघताना कोणी विसरलं, तर एसी रात्रभर चालू. हा झाला लीक. कोणी दोनदा कमी केला, तर आत माणसं असतानाच अंधार! हा झाला क्रॅश. आकडा असा घसरला तर ओरडणारी सोय कर्नलमध्ये २०१७ साली, ४.११ व्हर्जनमध्ये आली. त्याआधी तो गुपचूप घसरायचा.

गंमत म्हणजे काही फंक्शन्स डिव्हाइस नुसतं शोधून देत नाहीत, जाता जाता आकडाही वाढवतात. वर कॉमेंटमध्ये तसं लिहिलेलं असतं. पण वाचतो कोण?

आमचा ड्रायव्हर काढताना बोर्ड कधी मस्त चालायचा, कधी धाडकन पडायचा. शेवटी केसॅन चालू केलं. मेमरी कोणी घेतली, कोणी सोडली आणि सोडल्यावर कोणी वापरली, तिघांचाही पत्ता ते देतं. सोडणारी ओळ ज्युनिअरचीच. एक जादा 'पुट'. मी 'बघ!' अशा नजरेने त्याच्याकडे पाहिलं.

तो हळूच म्हणाला, 'पण त्याशिवाय आकडा शून्यावर येतच नव्हता.'

मग मात्र कोड नीट वाचला. सुरू होताना क्लॉक तयार नसेल, तर ड्रायव्हर 'नंतर बोलवा' म्हणून परत फिरतो आणि कर्नल त्याला पुन्हा बोलावतं. त्या परतीच्या वाटेवर 'पुट' नव्हताच! एकदा परत फिरला की आकडा एकने जास्त, आणि पोराचा जादा 'पुट' ते भरून काढायचा. पहिल्याच फटक्यात सुरू झाला, की तोच 'पुट' घात करायचा. म्हणून कधी चालायचं, कधी पडायचं.

परतीची वाट कोणी लिहिली? 'गिट ब्लेम' मारलं. माझंच नाव! दोन वर्षांपूर्वीचं.

त्याची एक ओळ काढली, माझ्या वाटेवर एक घातली. शंभर वेळा चालवून बघितलं. एकदाही पडलं नाही.

दुसऱ्या दिवशी, झापलं होतं त्याच टीमसमोर सांगितलं, 'चूक माझी होती. सॉरी.' सोपं नव्हतं, यार! तो नुसता हसला. सगळे पांगले. मीही लॅपटॉप उचलून निघाले, तर मागून आवाज आला, 'लाइट राहिला!'